खिडकीत चालतं, टर्मिनलमध्ये अडतं: कमांड लाइनवरून ऑक्टेव्ह सुरू करताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण

लक्षण असं असतं. ऑक्टेव्ह या गणिती आकडेमोडीच्या प्रोग्रॅमच्या खिडकीत एक स्क्रिप्ट लिहिलेली असते, तिथे ती बिनबोभाट चालते. मग तीच टर्मिनलवरून चालवली, किंवा क्रॉनला (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) रात्री चालवायला दिली, की ‘बटर’ हे सिग्नल पॅकेजमधलं फिल्टर बनवणारं फंक्शन पहिल्यांदा वापरताच ‘बटर अनडिफाइन्ड’ असा एरर येतो. तुम्ही खिडकी उघडून तपासता तर बटर तिथे हजर! परत टर्मिनल, परत एरर. तासभर डोकं खाजवल्यावर काहीतरी बदल होतो आणि ते चालायला लागतं. काय बदललं ते नीट कळत नाही. दोन महिन्यांनी नव्या मशीनवर तेच सगळं पहिल्यापासून.

मी या चक्रात किमान चार वेळा अडकले आहे. दरवेळी कारण वेगळं निघालं, पण चारही कारणं एकाच घरातली होती. ऑक्टेव्ह आपल्याला एक प्रोग्रॅम वाटतो, पण तो कोणी सुरू केला, कुठल्या फोल्डरमधून केला आणि सुरू होताना त्याने कुठल्या फाइली वाचल्या, यावर आपल्या हाती येणारं ऑक्टेव्ह ठरतं. आयकॉनवर क्लिक करून आलेलं ऑक्टेव्ह आणि टर्मिनलमध्ये नाव टाइप करून आलेलं ऑक्टेव्ह ही सख्खी भावंडं आहेत, जुळी नाहीत.

वाचण्यापूर्वी एवढं लक्षात घ्या: इथे आज्ञा आणि पर्याय देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना अर्थातच त्यांची मूळ रोमन अक्षरं वापरायची, आणि पर्यायांआधीच्या एक किंवा दोन आडव्या रेघा दाखवल्या तशाच ठेवायच्या.

आधी रिकामं ऑक्टेव्ह सुरू करून बघा

काहीही दुरुस्त करायला जाण्याआधी हे करा:

ऑक्टेव्ह-सीएलआय --नोआरसी

‘नोआरसी’ म्हणजे सुरुवातीच्या सेटिंगची एकही फाइल वाचू नकोस. ना मशीनवरची सामायिक, ना तुमची स्वतःची. आता प्रॉम्प्टवर ‘पीकेजी लोड सिग्नल’ असं हाताने लिहा आणि मग बटर वापरून बघा. चाललं, तर पॅकेज (जादा फंक्शन्सचा संच) बसवलेलं आहे, ऑक्टेव्ह धड आहे, आणि गडबड फक्त सुरुवातीच्या तयारीत आहे. चाललं नाही, तर सेटिंग फाइलींवर वेळ घालवू नका. पॅकेजच बसलेलं नाही किंवा भलतंच ऑक्टेव्ह उघडलं आहे. या एका पायरीने निम्मा शोध संपतो. तरी बहुतेक जण ती गाळतात आणि थेट पॅकेज काढून पुन्हा बसवायला घेतात. मीही तेच करायचे.

दुसरी आज्ञा याच्या अगदी उलट टोकाची:

ऑक्टेव्ह-सीएलआय --व्हर्बोज

ही दिली की सुरुवातीची प्रत्येक फाइल वाचताना ऑक्टेव्ह तिचं नाव छापतं. अट एकच, सोबत ‘सायलेंट’चा किंवा ‘क्वाएट’चा पर्याय नको, तो असला तर तोंडाला कुलूप. छापलेली यादी नीट वाचा. ‘अरेच्चा, ही फाइल माझ्याकडे होती?’ असा उद्गार इथेच निघतो.

यादीचा क्रम साधारण असा. आधी मशीनवर सगळ्यांसाठी ठेवलेल्या सामायिक फाइली, मग तुमच्या होम फोल्डरमधली डॉट-ऑक्टेव्हआरसी, आणि त्यानंतर तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे राहून ऑक्टेव्ह सुरू केलंत त्या फोल्डरमधली डॉट-ऑक्टेव्हआरसी, असली तर. शिवाय शोधमार्गावर (ऑक्टेव्ह जिथे फाइली शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) ‘स्टार्टअप.एम’ नावाची फाइल सापडली तर तीही चालते. ऑक्टेव्हसारख्याच मॅटलॅबमधून आलेल्यांना ती ओळखीची असेल. नंतरची फाइल आधीच्या फाइलीवर मात करते. नवीन आवृत्त्यांमध्ये वैयक्तिक सेटिंगसाठी कॉन्फिग फोल्डरमधलीही एक जागा आहे, म्हणून पाठांतरापेक्षा ‘व्हर्बोज’ने छापलेल्या यादीवर विश्वास ठेवा.

चालू फोल्डरमधली फाइल आपोआप चालते, ही बाब पुष्कळांना ठाऊक नसते. एका प्रकल्पाच्या फोल्डरात कधीकाळी ठेवलेली डॉट-ऑक्टेव्हआरसी नावाआधीच्या टिंबामुळे फाइलींच्या यादीत दिसत नाही. त्या फोल्डरमधून ऑक्टेव्ह सुरू केलं की सगळं मिळतं, एक पायरी वर जाऊन सुरू केलं की काहीच मिळत नाही. दुसऱ्या कुणाचं फोल्डर उतरवून घेतलं असेल तर त्यात उभं राहून ऑक्टेव्ह सुरू करण्याआधी लपलेल्या फाइलींसकट यादी बघून घ्या. परक्याची फाइल तुमच्या नकळत चालावी हे बरं नव्हे.

माझा गुन्हेगार: दोन अक्षरं

सगळ्यात जास्त वेळ खाल्लेली गोष्ट सांगते. स्क्रिप्ट थेट नावाने चालावी म्हणून मी पहिल्या ओळीत, हॅश आणि उद्गारचिन्हानंतर, ऑक्टेव्हचा पूर्ण मार्ग आणि त्यापुढे ‘-क्यूएफ’ असं लिहिलं होतं. लिहिलं कसलं, कुठूनतरी उचललं होतं. ऑक्टेव्हच्या मॅन्युअलमधल्या उदाहरणातही हीच दोन अक्षरं आहेत, त्यामुळे ती सगळीकडे पसरली आहेत. ‘क्यू’ म्हणजे क्वाएट, सुरुवातीची पाटी छापू नकोस. आणि ‘एफ’? तो ‘नोआरसी’चाच आखूड अवतार!

म्हणजे मी होम फोल्डरमधल्या डॉट-ऑक्टेव्हआरसीत ‘पीकेजी लोड सिग्नल’ काळजीपूर्वक लिहून ठेवलं होतं, आणि स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत ऑक्टेव्हला ती फाइल वाचू नकोस असं बजावलंही होतं. खिडकी ती फाइल वाचायची, स्क्रिप्ट वाचायची नाही. दोष ऑक्टेव्हचा नव्हता. मी न समजता ओळ चिकटवली होती.

पहिल्या ओळीबद्दल आणखी दोन खोड्या. मार्ग पक्का लिहिण्याऐवजी पुष्कळ जण ‘एन्व्ह’ या आज्ञेमार्फत ऑक्टेव्ह शोधतात, ते योग्यच. पण त्यापुढे पर्याय लिहिला की लिनक्स ‘ऑक्टेव्ह -क्यूएफ’ हे सगळं एकच नाव समजतं आणि अशी फाइल नाही म्हणून हात वर करतं. एन्व्हला मोठा ‘-एस’ दिला की तो शब्द सुटे करतो. जीएनयू कोअरयूटिल्सच्या 8.30 पासून ही सोय आहे. दुसरी खोडी विंडोजवर सेव्ह केलेल्या फाइलींची: ओळीच्या शेवटी एक अदृश्य जादा अक्षर राहतं आणि ‘बॅड इंटरप्रिटर’ अशी तक्रार येते. डॉसटूयुनिक्स चालवा, काम झालं.

मग पॅकेज लोड करायचं कुठे

इथे माझं मत ठाम आहे: स्क्रिप्टमध्ये. आरसी फाइलमध्ये नाही.

ऑक्टेव्हमध्ये पॅकेज बसवणं आणि लोड करणं ही दोन वेगळी कामं आहेत. बसवायचं एकदा, लोड करायचं प्रत्येक सत्रात. ‘पीकेजी लिस्ट’ लिहून बघा. बसवलेली सगळी पॅकेजं दिसतात, आणि ज्यांच्या नावापुढे तारा आहे तेवढीच सध्या लोड झालेली असतात. खिडकीत तारा दिसतो आणि टर्मिनलमध्ये दिसत नाही, तर उत्तर तुमच्या डोळ्यांसमोर आहे. सकाळी कधीतरी खिडकीत हाताने लोड केलं, ती खिडकी दिवसभर उघडीच राहिली, आणि संध्याकाळपर्यंत आपण ते केल्याचं विसरलो. ‘खिडकीत चालतं’चं सर्वात साधं कारण हेच.

म्हणून स्वतःपुरता एक नियम ठेवला आहे. जी गोष्ट नसली तर स्क्रिप्ट मोडते किंवा उत्तर बदलतं, ती स्क्रिप्टच्या तोंडाशी लिहायची. जी नसली तर फक्त मला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, ती आरसी फाइलमध्ये. प्रॉम्प्टचं रूप, लांबलचक आउटपुट पानापानाने न थांबता यावं म्हणून ‘मोअर ऑफ’, हे आरसीत शोभतं. ‘फॉरमॅट लाँग’बाबत मात्र सावध राहा. त्याने गणित बदलत नाही, पण छापलेले आकडे बदलतात, आणि ते आकडे दुसरा प्रोग्रॅम वाचत असेल तर त्याच्या दृष्टीने सगळंच बदललं. तिथे प्रिंटएफ वापरून किती दशांश हवेत ते स्वतः सांगावं.

शोधमार्गाचंही तसंच. ‘सेव्हपाथ’ ही आज्ञा सध्याचा शोधमार्ग तुमच्या डॉट-ऑक्टेव्हआरसीत लिहून ठेवते, ‘इथे हात लावू नका’ अशा अर्थाच्या दोन ओळींच्या मध्ये. एकदा केलं की विसरलं जातं. वर्षभराने फोल्डर हलतं, आणि मग दर सुरुवातीला ‘असं फोल्डर नाही’ असे इशारे छापले जातात, ज्यांच्याकडे आपण सवयीने दुर्लक्ष करायला शिकतो. त्याऐवजी स्क्रिप्टमध्येच तिचं स्वतःचं ठिकाण शोधा: ‘एमफाइलनेम’ला ‘फुलपाथ’ सांगितलं की फाइलीचा पूर्ण पत्ता मिळतो, ‘फाइलपार्ट्स’ने त्यातलं फोल्डर सुटं होतं, आणि ते ‘ॲडपाथ’ला द्यायचं. डेटाच्या फाइलीही याच फोल्डरच्या आधाराने उघडा. मग तुम्ही कुठेही उभे असा, स्क्रिप्टला तिचं सामान सापडतं.

हे नक्की कुठलं ऑक्टेव्ह?

रिकामं ऑक्टेव्हही अडलं तर टर्मिनलमध्ये, ऑक्टेव्हच्या बाहेर, हे लिहा:

टाइप -ए ऑक्टेव्ह

या नावाचे जितके प्रोग्रॅम शेलला (टर्मिनलमध्ये आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅमला) सापडतात तितके क्रमाने दिसतात. चालतो तो पहिला. लिनक्सच्या वितरणाबरोबर आलेलं एक, कोंडा या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये आलेलं दुसरं, स्वतः कंपाइल केलेलं तिसरं, असा गोतावळा सहज जमतो. कोंडाचं एन्व्हायर्नमेंट चालू केलं की त्याचं फोल्डर पाथमध्ये (शेल प्रोग्रॅम जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) पुढे सरकतं आणि कालपर्यंत पहिला असलेला दुसरा होतो. आयकॉन मात्र अजून जुन्याच पत्त्यावर जातो. फ्लॅटपॅक या दुसऱ्या साधनाने बसवलेलं ऑक्टेव्ह तर टर्मिनलला त्या नावाने सापडतच नाही. ते ‘फ्लॅटपॅक रन ऑर्ग.ऑक्टेव्ह.ऑक्टेव्ह’ असं बोलवावं लागतं. नवीन बसवल्यावरही शेल जुन्याच जागी जात असेल तर ‘हॅश -आर’ द्या. बॅश (लिनक्सवरचं नेहमीचं शेल) एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवतं, तो त्याला विसरायला लावायचा.

खात्री करायला दोन्ही ऑक्टेव्हमध्ये, खिडकीतल्याही आणि टर्मिनलमधल्याही, ‘व्हर्जन’ आणि ‘ऑक्टेव्ह_होम’ लिहा. उत्तरं वेगळी आली, तर एकाच नावाची दोन ऑक्टेव्ह हाताळताय आणि प्रत्येकाची पॅकेजं निराळी. आवृत्ती बदलल्यावर आधी कंपाइल झालेली पॅकेजं तशीच वापरायला गेलात की ‘एपीआय व्हर्जन’ जुळत नाही अशी तक्रार येते. तिथे ती पॅकेजं नव्या ऑक्टेव्हने पुन्हा बसवण्याला पर्याय नाही.

ऑक्टेव्ह उघडायच्या आधीच कोसळतं आणि एररमध्ये ‘एलआयबीएसटीडीसी++’ किंवा ‘जीएलआयबीसीएक्सएक्स’ असं काही दिसतं, तेव्हा संशयित एकच: लायब्रऱ्या कुठे शोधायच्या ते सांगणारं ‘एलडी_लायब्ररी_पाथ’. दुसऱ्याच कुठल्यातरी सॉफ्टवेअरच्या सूचना वाचून आपण कधीतरी बॅशआरसीत (बॅशच्या सेटिंग फाइलीत) ही ओळ घातलेली असते, आणि ऑक्टेव्ह बिचारं परक्याच्या लायब्रऱ्या उचलतं. आयकॉनवरून उघडताना बॅशआरसी सहसा वाचली जात नाही, म्हणून तिथे सगळं आलबेल. पडताळणी:

एन्व्ह -यू एलडी_लायब्ररी_पाथ ऑक्टेव्ह-सीएलआय

एवढ्याने उघडलं, तर बॅशआरसीतली ती ओळ काढा आणि ज्या सॉफ्टवेअरला ती हवी होती त्याच्यापुरती छोटी शेल स्क्रिप्ट करा. मॅकवर 2019 च्या कॅटालिनापासून नव्या खात्यांचं शेल झेडएसएच असतं, त्यामुळे बॅशआरसीत केलेले बदल तिथे लागू होत नाहीत आणि माणूस उलट्या दिशेने गोंधळतो.

खिडकी नसलेलं ऑक्टेव्ह दोन प्रकारचं असतं

‘ऑक्टेव्ह --नो-जीयूआय’ आणि ‘ऑक्टेव्ह-सीएलआय’ एकच वाटतात, पण तसं नाही. पहिल्यात मोठी खिडकी उघडत नाही, तरी चित्रं काढायला क्यूटी (खिडक्या आणि चित्रं काढणारी लायब्ररी) हाताशी असतं. दुसरं क्यूटीशिवायच बांधलेलं, त्यामुळे हलकं. त्यात आलेख एफएलटीके किंवा ग्नूप्लॉट या दुसऱ्या साधनांनी काढावे लागतात. ‘अव्हेलेबल_ग्राफिक्स_टूलकिट्स’ लिहिलं की कुठली साधनं आहेत ते कळतं. खिडकीत रेखीव दिसणारा आलेख टर्मिनलमध्ये वेगळ्याच फाँटने आला, तर बहुधा साधन बदललं आहे.

मुळात ऑक्टेव्ह टर्मिनलमध्येच वाढलं. जॉन ईटन यांनी 1992 मध्ये त्याचं काम हाती घेतलं, 1994 मध्ये 1.0 आवृत्ती आली, आणि अधिकृत खिडकी मिळायला 2015 साली आलेल्या 4.0 पर्यंत वाट बघावी लागली. म्हणून कमांड लाइनचे पर्याय जुने, भक्कम आणि विचारपूर्वक केलेले आहेत. गोंधळ होतो तो आपण खिडकीतून टर्मिनलकडे येतो म्हणून. (नावाचा संगीतातल्या सप्तकाशी संबंध नाही, बरं का. ईटन यांचे रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांच्यावरून ते आलं.)

टर्मिनलवरून स्क्रिप्ट चालवल्यावर आलेख क्षणभर चमकून नाहीसा होतो, ही तक्रार तर सतत ऐकू येते. स्क्रिप्ट संपली की ऑक्टेव्ह बंद होतं आणि बंद होताना आपल्या खिडक्या घेऊन जातं. ‘--पर्सिस्ट’ दिलं तर काम झाल्यावर प्रॉम्प्ट उघडा राहतो. किंवा स्क्रिप्टच्या शेवटी ‘वेटफॉर’ला चालू आकृती, म्हणजे ‘जीसीएफ’, द्या. आलेखाची खिडकी तुम्ही बंद करेपर्यंत ते थांबतं. मला दुसरा उपाय आवडतो, कारण पर्सिस्टने उघडे राहिलेले प्रॉम्प्ट मी बंद करायला विसरते.

एक-दोन ओळींसाठी ‘--इव्हॅल’ सोयीचं आहे, पण अवतरणचिन्हं सांभाळा. बाहेर दुहेरी आणि आत एकेरी ठेवली की लिनक्सवर आणि विंडोजवर दोन्हीकडे चालतं; उलट केलं की विंडोजचं कमांड प्रॉम्प्ट एकेरी चिन्हाला अवतरण मानतच नाही. बॅशमध्ये दुहेरी चिन्हांच्या आतलं उद्गारचिन्हही शेल स्वतःकडे ओढून घेतं आणि जुन्या आज्ञा धुंडाळू लागतं. नकारासाठी तिथे उद्गारचिन्हाऐवजी टिल्डे वापरा, ऑक्टेव्हला दोन्ही सारखीच. तीन ओळींच्या वर मजकूर गेला की मात्र सरळ फाइल करावी.

क्रॉन: सगळ्यात कंजूष यजमान

वरचं सगळं निस्तरल्यावर माणूस ती स्क्रिप्ट क्रॉनला देतो, आणि सकाळी लॉग रिकामा.

क्रॉन तुमचं शेल वापरत नाही, तुमची बॅशआरसी वाचत नाही, आणि पाथही तोकडा देतं. चालू फोल्डर होम असतं, प्रकल्पाचं नव्हे. डिस्प्ले नसतोच. टर्मिनलमध्ये ज्या ज्या गोष्टी तुम्ही न मागता मिळत होत्या, त्या इथे प्रत्येकी मागाव्या लागतात. ऑक्टेव्हचा पूर्ण मार्ग लिहा, स्क्रिप्टचा पूर्ण मार्ग लिहा, आणि आउटपुटबरोबर एररचा प्रवाहही लॉगमध्ये वळवा. रिकाम्या लॉगचं कारण पुष्कळदा हेच असतं की एरर दुसऱ्या प्रवाहातून निघून गेला.

एक सापळा इतका आडवळणाचा आहे की मी दोन संध्याकाळी त्यात घालवल्या. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं की क्रॉन त्याला ओळीचा शेवट मानतं आणि पुढचा मजकूर आज्ञेचा इनपुट म्हणून ढकलतं. आता विचार करा, ‘इव्हॅल’मध्ये प्रिंटएफ लिहिलाय, त्यात टक्का-डी आहे. आज्ञा मधोमध तुटते, अवतरणचिन्ह उघडंच राहतं, आणि एरर असा येतो की ऑक्टेव्हचा संबंध कुठेच दिसू नये! टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ घालता येते, पण खरा उपाय म्हणजे क्रॉनटॅबमध्ये ऑक्टेव्हची भाषा लिहूच नये. फक्त फाइलीचं नाव द्यावं.

डिस्प्लेशिवाय आलेख हवा असेल तर ग्नूप्लॉट वेगळं बसवा, स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘ग्राफिक्स_टूलकिट’ला ग्नूप्लॉट सांगा, आकृती ‘व्हिजिबल ऑफ’ करून उघडा आणि थेट पीएनजीत छापा. सुबकपणात थोडं कमी पडेल, पण रात्री तीन वाजता अडून बसणार नाही. स्क्रिप्ट दोन्हीकडे चालवायची असेल तर ‘हॅव्ह_विंडो_सिस्टिम’ विचारून फाटा काढता येतो.

आणि एकाच वेळी दहा-बारा ऑक्टेव्ह सोडली असतील नि एकेक कासवासारखं चालत असेल, तर ‘ओएमपी_नम_थ्रेड्स’ला 1 द्या. ओपनब्लाससारखी मॅट्रिक्स लायब्ररी सहसा मशीनचे सगळे कोअर आपलेच समजते; बारा जणांनी तसं समजल्यावर काय होणार.

एकच नाव, दोन फाइली

सगळं जुळलं, एरर नाही, तरी उत्तर चुकीचं. हा प्रकार एररपेक्षा वाईट. ऑक्टेव्हच्या शोधमार्गात चालू फोल्डर सर्वांत पुढे असतं. तुम्ही त्या फोल्डरात कधीतरी ‘मीन.एम’ नावाची फाइल प्रयोग म्हणून लिहिली असेल, तर तिथून सुरू केलेलं ऑक्टेव्ह सरासरी काढायला तुमची फाइल वापरतं. त्याबद्दल ते इशारा देतं, की ही फाइल मूळ फंक्शनला झाकते आहे. पण इशारे वाचतो कोण. ‘विच मीन’ लिहा, कुठली फाइल चालते आहे ते लगेच दिसेल. टेस्ट, प्लॉट, फिल्टर, डेटा ही नावं स्वतःच्या फाइलींना देऊ नका.

तसाच एक किरकोळ मुद्दा: स्क्रिप्टची सुरुवात थेट फंक्शनच्या व्याख्येने झाली तर नावाने बोलावल्यावर ऑक्टेव्ह तिला स्क्रिप्ट न समजता फंक्शनची फाइल समजतं, आणि खालच्या ओळी चालल्याच नाहीत असं वाटतं. व्याख्येच्या आधी ‘1;’ एवढीच एक ओळ लिहा. दिसायला विचित्र, पण जुना आणि मान्य उपाय आहे.

लॉगच्या तोंडाशी चार ओळी

शेवटी मी काय करते ते सांगते. कुठलीही स्क्रिप्ट माणसाविना चालणार असेल, तर तिच्या सुरुवातीलाच चार गोष्टी छापून घेते: ‘व्हर्जन’, ‘ऑक्टेव्ह_होम’, ‘पीडब्ल्यूडी’ आणि ‘पीकेजी लिस्ट’. त्याखाली लगेच ‘एफफ्लश’ला ‘एसटीडीआउट’ देते, म्हणजे स्क्रिप्ट पुढे मधेच मेली तरी एवढं तरी लॉगमध्ये पोहोचतं. कोणती आवृत्ती, कुठून आली, कुठे उभी होती, काय लोड झालं होतं. खिडकीत चालवून याच चार ओळी काढा, टर्मिनलमधून काढा, क्रॉनमधून काढा, आणि तिन्ही शेजारी शेजारी ठेवा. जिथे ओळ वेगळी दिसेल, तिथपासून वर सांगितलेला तो भाग वाचायला घ्या.

स्क्रिप्ट एररने संपली की ऑक्टेव्ह शून्याखेरीज दुसरा एक्झिट कोड (शून्य म्हणजे सगळं ठीक) देतं, त्यामुळे क्रॉनच्या आज्ञेपुढे ‘चुकलं तर मेल पाठव’ अशी ओळ जोडता येते. मात्र स्क्रिप्टमध्ये सगळं ट्राय-कॅचमध्ये (चूक पकडून पुढे जाण्याच्या रचनेत) गुंडाळलं असेल तर कॅचच्या शेवटी ‘एक्झिट(1)’ स्वतः लिहा, नाहीतर बिघडलेली रात्र शून्य घेऊन परत येते आणि मेल जात नाही.